बिली हॉलिडेचं जुनं पोस्टर विकत घेताना अस्सल कसं ओळखावं?

अमेरिकन जॅझ गायिका बिली हॉलिडेच्या मैफलीचं पोस्टर समोर आलं की नजर आधी तिच्या चेहऱ्यावर जाते. तिथेच फसगत होते, कारण फोटोची नक्कल करणं सगळ्यात सोपं. आधी अक्षरं वाचा.

तारीख आणि वार जुळतात का ते पाहा. न्यूयॉर्कच्या कार्नेगी हॉलमधली तिची गाजलेली मैफल २७ मार्च १९४८ ची, त्या दिवशी शनिवार होता. नकली पोस्टरवर वार चुकलेला असू शकतो. मग ठिकाण. न्यूयॉर्कमध्ये दारू मिळणाऱ्या क्लबात गायचं तर पोलिसांचं कॅबरे कार्ड लागायचं. १९४७ मध्ये अमली पदार्थांच्या गुन्ह्यात झालेल्या शिक्षेनंतर तिला ते मिळेना, म्हणून तिथे तिला मोठ्या सभागृहांचाच आधार उरला. तेव्हा १९५२ साल आणि न्यूयॉर्कचा नाइटक्लब एकाच पोस्टरवर दिसले, तर विक्रेत्याला खोदून विचारा. पत्त्यात पाच आकडी झिप कोड असेल तर विषयच संपला. तो अमेरिकेत १ जुलै १९६३ ला आला आणि बिली १९५९ मध्येच गेली.

आता घड्याळजीकडे असतं तसं दहापट भिंग घ्या. त्या काळी दुकानाच्या काचेत उभी करायची पोस्टरं जाड पुठ्ठ्यावर, साधारण १४ बाय २२ इंचांची असत. मोठी अक्षरं बहुतेकदा लाकडी खिळे, म्हणजे छपाईची सुटी उठावाची अक्षरं, जुळवून छापलेली. अशा अक्षराच्या कडेला शाई दाबली जाऊन किंचित गडद रेघ येते आणि मध्ये लाकडाच्या रेषा किंवा शाई न लागलेले ठिपके दिसतात. बोट फिरवलं तर ठसा खोल लागतो. मला हे बघण्यातच खरा आनंद वाटतो, छापणाऱ्याचा हात दिसतो त्यात. याउलट अक्षरही रंगीत ठिपक्यांच्या बारीक फुलांचं बनलेलं दिसलं, तर ती फोटोवरून काढलेली प्रत आहे. फोटोत ठिपके असणारच, त्यावरून निकाल देऊ नका.

अंधाऱ्या खोलीत, नोटा तपासतात तो जांभळा दिवा धरा. कागद निळसर पांढरा झगझगला तर तो १९४८ चा असणं कठीण. न झगझगणं हा मात्र पुरावा नव्हे, कारण जुने कोरे कागदही बाजारात मिळतात.

पोस्टर फ्रेमबाहेर काढून पाठ दाखवायला विक्रेता नकार देत असेल तर सौदा सोडा.

घेतल्यावर लॅमिनेशन करू नका, चिकटपट्टी लावू नका. जुनी पट्टी असेल तर ओढूही नका. ते काम कागद-संवर्धकाचं. फ्रेम करताना पोस्टरभोवती माउंट, म्हणजे पुठ्ठ्याची चौकट, मागा, म्हणजे काच कागदाला टेकत नाही; तो पुठ्ठा आम्लविरहित हवा. काच अतिनील किरण अडवणारी घ्या. मुंबईत, कोकणात, गोव्यात पावसाळ्यात ओल धरणाऱ्या बाहेरच्या भिंतीवर लावू नका, आणि फ्रेमच्या मागे चारही कोपऱ्यांना बुचाचे तुकडे चिकटवा, मागून वारं खेळतं.