नळाच्या पितळी फिटिंगपासून टॉर्च घरी कशी बनवायची

आमच्याकडे सोलापुरात पाणी रोज येत नाही आणि ज्या दिवशी येतं त्या दिवशी किती वाजता येईल त्याचा नेम नाही, त्यामुळं रात्री दोन-अडीचला हौदाचं झाकण उघडून आत किती भरलंय बघायचं हे घरोघरचं काम. दोन प्लास्टिकच्या टॉर्च माझ्या हातून त्या हौदाच्या कडेवर पडून फुटल्या, तेव्हा डोक्यात आलं की ज्या पितळी फिटिंगमधून हे पाणी येतं त्याचीच टॉर्च का करू नये. केली. आता वर्ष होत आलं, रोज वापरात आहे. कशी केली ते सांगतो.

सुरू करायच्या आधी एक गोष्ट पक्की लक्षात घ्या, सगळं काम तिच्यावर आहे. ह्या टॉर्चमध्ये पितळ म्हणजे नुसतं कव्हर नाही, तीच निगेटिव्ह वायर आहे आणि एलईडीची उष्णता बाहेर काढणारा हीटसिंकही तीच. म्हणजे प्रत्येक आट्यात धातूला धातू टेकलाच पाहिजे. नळाच्या कामात आपण आट्यावर टेफ्लॉन टेप गुंडाळतो, इथं तो अजिबात लावायचा नाही, टेप लावला की करंट अडतो आणि टॉर्च लुकलुकते नाहीतर लागतच नाही. प्लंबिंगची सवय असलेला माणूस इथंच चुकतो.

सामान

फिटिंगमध्ये चार वस्तू लागतात: पाऊण इंची पितळी निप्पल (नळीचा आखूड तुकडा) चार इंच लांबीचा, दोन्हीकडं बाहेरून आटे असलेला, पाऊण इंची एंड कॅप, एक इंची बाय पाऊण इंची रिड्युसर सॉकेट, आणि एक इंची प्लग, तो आतून पोकळ असलेला बघा.

अर्धा इंची घेऊ नका, स्वस्त दिसतो पण १८६५० सेल (चार्ज करायचा गोल लिथियम सेल) त्यात जात नाही. ह्या सेलच्या नावातच माप आहे, १८ मिलिमीटर जाड आणि ६५ लांब. पाऊण इंचीतसुद्धा प्रत्येक कंपनीचं आतलं भोक वेगळं असतं, कुठं १९ भरतं, कुठं १८ ला अडकतं, म्हणून दुकानात व्हर्निअर (भोक-जाडी मोजायची पट्टी) घेऊन जा, किंवा जुन्या मेलेल्या सेलच्या दोन्ही टोकांना चिकटपट्टी लावून तो न्या आणि निप्पलमध्ये घालून बघा. मी असा एकेक निप्पल तपासायला लागलो तर दुकानदार म्हणला, "लाईन कुठली हाय ओ?" मी म्हणलं, "लाईन नाही ओ, टॉर्च करायलोय." मग त्यानंच आतून आणखी तीन खोकी काढून दिली आणि स्वतः सेल घालून बघत बसला.

इलेक्ट्रॉनिक्सचं सामान असं: २० मिलिमीटरच्या स्टार प्लेटवरचा पांढरा पॉवर एलईडी, एक अँपियर सहज झेपणारा, २० मिलिमीटरची लेन्स होल्डरसकट, १७ मिलिमीटरचा ड्रायव्हर (एलईडीला ठरावीक करंट देणारी गोल पाटी), १२ मिलिमीटरचं मेटल पुश बटण (दाबलं की दाबलेलं राहतं ते, म्हणजे लॅचिंग), एक स्प्रिंग, हीटसिंक पेस्ट, ओ-रिंग. ड्रायव्हर घेताना त्यावर एएमसी ७१३५ नावाच्या चिप किती आहेत ते मोजा. एक चिप साधारण ३५० मिलिअँपियर देते, तीन असल्या तर १०५०. आठ चिपवाला घ्यायचा मोह होतो पण पहिल्या टॉर्चला तीनच बास. २५०० एमएएचच्या (एमएएच म्हणजे सेलमध्ये किती चार्ज मावतो त्याचं माप) सेलवर दोन-सव्वादोन तास चालते आणि हातात धरवते.

सेल नवा आणि ओळखीच्या कंपनीचा, शक्यतो प्रोटेक्शन सर्किटवाला (शॉर्ट झालं की आपोआप बंद पडणारा). वेष्टणावर ९९०० एमएएच छापलेलं दिसलं तर ठेवून द्या, १८६५० मध्ये चांगल्या कंपन्यांचे बहुतेक सेल ३५००-३६०० पर्यंतच असतात, ९९०० च्या जवळपासही कुणी जात नाही. प्रोटेक्शनवाला सेल तीन-चार मिलिमीटर लांब असतो, तेवढी जागा धरा.

लेथवर करून घ्यायचं काम

घरी ड्रिल असलं तरी तीन गोष्टी टर्नरकडूनच करून घ्या. आपल्याकडं पॉवरलूमचे सुटे भाग करणारे लेथवाले आहेत, त्यांना हे अर्ध्या तासाचं काम.

एक, कॅपच्या बरोबर मध्ये १२ मिलिमीटरचं भोक, बटणासाठी. दोन, प्लगच्या तोंडाला मधोमध १८ मिलिमीटरचं भोक, उजेड बाहेर यायला, लेन्स २० ची असल्यामुळं ती आतच अडकून राहते. तीन, आणि हे सगळ्यात महत्त्वाचं, २९ मिलिमीटर व्यासाची ५ मिलिमीटर जाड चकती. अल्युमिनियमची चालते, तांब्याची मिळाली तर सोनं. ही चकती रिड्युसरच्या एक इंची बाजूनं आत जाते आणि जिथं भोक लहान होतं त्या पायरीवर बसते. पायरी खडबडीत ओतीव असते, ती लेथवर सपाट करून घ्या. चकतीला वायर जायला दोन बारीक भोकं, एलईडीच्या स्क्रूसाठी दोन आट्याची भोकं आणि खालच्या बाजूला एक तीन मिलिमीटरचा स्क्रू.

फिटिंगच्या पितळेत थोडं शिसं असतं, म्हणून घरी कानस मारली तर भुसा झाडून टाका आणि जेवायच्या आधी हात साबणानं धुवा, लहान पोरं जवळ नकोत.

आतली बर

निप्पलच्या कापलेल्या तोंडाला आतून बारीक धार असते, बर म्हणतात तिला, डोळ्याला दिसत नाही पण करंगळी फिरवली की लागते. मी ती तशीच ठेवली होती. चौथ्या दिवशी टॉर्च बंदच होईना, बटण दाबतोय, सोडतोय, उजेड तसाच. सेल काढला तर वेष्टणावर वरून खालपर्यंत केसाएवढी चीर. सेलची सगळी बाहेरची डबी निगेटिव्ह असते, ती चिरेतून थेट पितळेला टेकली आणि करंट बटणाला वळसा घालून जायला लागला. हीच चीर पार पॉझिटिव्हच्या तोंडापर्यंत गेली असती तर शॉर्ट होऊन सेल तापू शकला असता. म्हणून गोल कानस मारा, मग पॉलिशपेपर, आणि एवढं करूनही जाड पारदर्शक प्लास्टिक शीटची गुंडाळी करून निप्पलमध्ये अस्तरासारखी बसवा.

जोडणी

चकतीवर पेस्टचा पातळ थर, थापायची नाही, त्यावर एलईडी दोन स्क्रूनं आवळा. वायर भोकातून खाली घ्या आणि ड्रायव्हरच्या एलईडी प्लस-मायनसला सोल्डर करा. ड्रायव्हर चकतीच्या खाली लटकता ठेवू नका, मध्ये पीव्हीसी पाईपची ८-१० मिलिमीटरची रिंग ठेवा, म्हणजे सेलचा दाब रिंगवर येतो आणि ड्रायव्हरची पाठ चकतीला टेकत नाही. ड्रायव्हरची बाहेरची गोल कड म्हणजे निगेटिव्ह, तिथून एक वायर थिंबल (वायरच्या टोकाला लावायची धातूची कडी) लावून चकतीच्या स्क्रूला. वायर थेट चकतीला सोल्डर करायला जाऊ नका, २५ वॅटच्या सोल्डरिंग आयर्नची सगळी उष्णता एवढा धातू ओढून घेतो आणि डाग कच्चा राहतो.

आता चकती पायरीवर ठेवा, वर लेन्स, ओ-रिंग, आणि प्लग आवळा. इथं नीट बघा: प्लगची कड चकतीवर टेकली पाहिजे. लेन्स उंच असली तर प्लग लेन्सवरच अडतो, चकती सैल राहते आणि उष्णता पितळेत उतरतच नाही. तसं झालं तर लेन्सचा होल्डर खालून थोडा घासा. मग रिड्युसरच्या पाऊण इंची बाजूला निप्पल आवळा.

मागच्या बाजूला बटण कॅपमध्ये बसवून नट आवळताना नटाखाली थिंबल घाला, त्याची वायर बटणाच्या एका पायाला. दुसऱ्या पायाची वायर स्प्रिंगला. स्प्रिंग १८ मिलिमीटरच्या गोल कापलेल्या पीसीबीच्या (सर्किटच्या पाटीच्या) तुकड्यावर सोल्डर करा, आणि तो तुकडा पितळेला कुठंही टेकणार नाही असा पीव्हीसीच्या रिंगवर बसवा.

सेल घालायच्या आधी मल्टीमीटरचा बीप लावून कॅपपासून चकतीच्या स्क्रूपर्यंत तपासा, बीप आलाच पाहिजे. स्प्रिंग आणि बॉडीमध्ये बटण बंद असताना बीप येता कामा नये. मग सेल पॉझिटिव्ह पुढं करून घाला, कॅप न लावता मल्टीमीटर १० अँपियरवर ठेवून एक पिन सेलच्या मागं, दुसरी निप्पलच्या कडेला. एक अँपियरच्या आसपास आकडा आला की जिंकलो.

बंदिस्त करू नका

ही टॉर्च वॉटरप्रूफ करू नका असं माझं स्पष्ट म्हणणं आहे. लिथियमचा सेल बिघडला तर आतून गॅस सोडतो, आणि चारही बाजूंनी आवळलेल्या जाड पितळी नळीत तो गॅस कोंडला तर काय होईल ते सांगायला नको. मी कॅपला बटणाशेजारी दोन मिलिमीटरचं भोक ठेवलंय. पावसाचे शिंतोडे चालतात, हौदात बुडवायची नाही. सेल नेहमी बाहेर काढून चार्जरवर चार्ज करा.

पहिल्यांदा लावली की वीस मिनिटं चालू ठेवून हातात धरून बसा. तीनेक वॅटमधली निम्म्याहून जास्त उष्णताच असते, त्यामुळं पुढचा भाग कोमट व्हायलाच पाहिजे. थंडगार राहिला आणि उजेड कमी होत गेला तर समजा चकती सैल आहे, उघडा आणि परत आवळा.

माझी टॉर्च सेलसकट सहाशे ग्रॅमच्या पुढं भरली, आईला एका हातात जड होते, म्हणून कॅपजवळ दोरी बांधून दिली आहे. पितळ काळं पडलं की ती चिंच-मीठ लावून घासते, तेवढ्यापुरता सेल आणि दोन्ही टोकं काढून नुसता निप्पल द्या आणि वाळल्यावर आटे कोरड्या फडक्यानं पुसून मगच जोडा. एप्रिल-मेमध्ये इथं पारा चाळिशीच्या पुढं असतो, तेव्हा गाडीच्या डिकीत ठेवू नका, आणि उन्हातून आणलेला सेल गार झाल्याशिवाय चार्जिंगला लावू नका.