वजनाच्या ऑपरेशनसाठी नवी मुंबईत येताना

सातारा-कोल्हापूरकडून बॅरिअ‍ॅट्रिक सर्जरीसाठी (वजन कमी करण्याच्या ऑपरेशनसाठी) वाशी-नेरूळला येणार असाल, तर डिस्चार्जच्या दिवशीच परतीची गाडी धरू नका. दवाखान्यात बहुधा दोन-तीन दिवसच ठेवतात, पण जठराला घातलेल्या आतल्या शिवणीतून गळती झालीच तर ती बरेचदा घरी गेल्यावर कळते. ताप, छातीत धडधड, वाढत जाणारी पोटदुखी, खांदा दुखणं... गॅस समजून ओवा चघळत बसू नका, लगेच डॉक्टरांना गाठा. म्हणूनच आठ-दहा दिवस जवळपास, लिफ्ट असलेल्या ठिकाणी खोली घ्या. मिक्सर घरूनच आणा; सुरुवातीचे काही आठवडे सगळं पातळच खायचं असतं. पाणी घोटाघोटाने. परतीच्या प्रवासात पायात रक्ताची गुठळी होऊ नये म्हणून तासा-दीड तासाने उतरून चाला, एक्स्प्रेसवेवर फूडमॉल आहेतच.