एलिमेंटरी स्कूलचा टेस्ट स्कोअर नेमका वाचायचा कसा (अमेरिकेत शाळा बघून घर शोधणाऱ्या आईबाबांसाठी)

अमेरिकेत घर बघायला लागलं की पहिला प्रश्न असतो स्कूल डिस्ट्रिक्ट कुठलं आणि दुसरा रेटिंग किती, आणि झिलोवर (घरं शोधायची साइट) घराच्या माहितीत तो १० पैकी आकडा दिसतो ना, तो ८ च्या खाली असला की आपण ते घर पुढे बघतच नाही. आम्हीपण असंच केलं होतं. मग मुलगी तिसरीत गेली, तिची स्टेट टेस्ट झाली, रिपोर्ट घरी आला आणि मी नीट वाचायला बसले तेव्हा लक्षात आलं की शाळेच्या आकड्यांचा मी लावत होते तो अर्थच वेगळा होता. गेली काही वर्षं ओळखीतल्या बऱ्याच जणांना हे फोनवर समजावून सांगतेय, म्हणून एकदाच सगळं लिहून काढते.

आधी सगळ्यात मोठा गैरसमज. आपण सगळे मार्कांवर वाढलोय, ३५ ला पास, ७५ च्या वर डिस्टिंक्शन, त्यामुळे "मॅथ ६१%" असं दिसलं की डोक्यात येतं की शाळेतल्या मुलांना सरासरी ६१ मार्क पडले, म्हणजे बरी आहे, पण फार भारी नाही. पण तो मार्कांचा आकडा नाहीच. त्याचा अर्थ एवढाच की टेस्ट दिलेल्या १०० मुलांपैकी ६१ जणांनी स्टेटने आखलेली रेघ ओलांडली, म्हणजे ती 'प्रोफिशियंट' ठरली. रेघ जेमतेम ओलांडली का खूप पुढे गेली हे त्यात कळत नाही, आणि उरलेली ३९ मुलं रेघेच्या अगदी जवळ आहेत का लांब, हेही नाही.

आणि ही रेघ प्रत्येक स्टेटची वेगळी. न्यू जर्सीत स्कोअर ६५० ते ८५० च्या मधे असतो आणि ७५० ला रेघ आहे. मॅसॅच्युसेट्सच्या एमकॅस नावाच्या स्टेट टेस्टमधे ४४० ते ५६० आणि रेघ ५०० ला. कॅलिफोर्नियात तर दर इयत्तेला आकडा बदलतो, तिसरीच्या मॅथला २४३६ लागतात आणि पाचवीला २५२८. टेक्ससमधे अजून एक भानगड आहे, तिथे 'अप्रोचेस', 'मीट्स' आणि 'मास्टर्स' अशा तीन पायऱ्या आहेत आणि 'अप्रोचेस' म्हणजेसुद्धा पास धरतात, त्यामुळे कोणी सांगितलं की शाळेत ८५% मुलं पास, तर आधी विचारा की कुठल्या पायरीचं बोलताय, कारण 'मीट्स'चा आकडा बघितला तर तो बराच खाली असू शकतो. म्हणून टेक्ससमधल्या डॅलसची शाळा आणि न्यू जर्सीतल्या एडिसनची शाळा यांचे टक्के शेजारी ठेवून तुलना करायची नाही. नोकरी बदलून दुसऱ्या स्टेटमधे जाणारे हमखास इथे चुकतात. स्टेट-स्टेटची तुलना करायला नेप नावाची वेगळी परीक्षा आहे, चौथी आणि आठवीच्या निवडक मुलांची, पण ती एकेका शाळेचा निकाल देतच नाही, आणि तिचं 'प्रोफिशियंट' बऱ्याच स्टेटच्या रेघेपेक्षा कठीण आहे, त्यामुळे ते आकडे शाळेच्या आकड्यांत मिसळू नका.

आता आकडे बघायचे कुठे, तर रेटिंगवाल्या साइटवर थांबू नका, स्टेटच्या एज्युकेशन डिपार्टमेंटच्या साइटवर जा. २०१५ च्या फेडरल कायद्याने, ज्याला एसा म्हणतात, प्रत्येक पब्लिक स्कूलचं रिपोर्ट कार्ड सगळ्यांना बघता येईल असं ठेवणं बंधनकारक आहे. कॅलिफोर्नियात त्याला स्कूल डॅशबोर्ड म्हणतात, न्यू जर्सीत स्कूल परफॉर्मन्स रिपोर्ट. त्याच कायद्याने तिसरी ते आठवी दरवर्षी रीडिंग आणि मॅथची टेस्ट घ्यावी लागते आणि सायन्सची एलिमेंटरीत एकदा. म्हणजे केजी, पहिली, दुसरीची स्टेट टेस्ट त्या कायद्यात येत नाही. हे लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

रिपोर्ट उघडला की टक्के बघायच्या आधी किती मुलांनी टेस्ट दिली ते बघा. एलिमेंटरीत एका इयत्तेत कधीकधी ५० च मुलं असतात, म्हणजे एक मूल म्हणजे २ टक्के. दोन मुलं त्या दिवशी तापात होती, तीन नवीन मुलं वर्षाच्या मधे आली, की झाला आकडा खाली. ५० मुलांच्या इयत्तेत ६०% निकाल असेल तर शाळेने काहीही न बदलता, नुसती या वर्षीची बॅच वेगळी म्हणून तो ७ पॉइंट वर किंवा खाली जाणं अगदी नेहमीचं आहे. त्यामुळे "गेल्या वर्षी ६८ होते, यंदा ६२ झाले, शाळा घसरायला लागली" असं लगेच म्हणू नका. निदान तीन वर्षांचे आकडे एकत्र बघा. फक्त ते बघताना २०२० चं वर्ष रिकामं दिसेल, कोविडमुळे त्या वसंतात देशभर टेस्टच झाल्या नाहीत, आणि २०२१ ला बऱ्याच ठिकाणी कमी मुलं बसली, तेव्हा त्या आकड्याला फार महत्त्व देऊ नका. स्टेटने मधेच रेघ हलवली असेल तर मागचे आकडे तसेही जुळणार नाहीत. विस्कॉन्सिनने २०२४ ला हेच केलं, पायऱ्यांची नावंही बदलली आणि रेघेचे आकडेही.

किती मुलं बसली याची टक्केवारी, पार्टिसिपेशन रेट, तीही तिथेच असते. फेडरल अपेक्षा ९५% ची आहे. न्यू यॉर्क स्टेटमधे ऑप्ट आउटची मोठी चळवळ झाली, २०१५ ला जवळजवळ २०% मुलं टेस्टला बसलीच नाहीत, आणि लाँग आयलंडच्या काही भागात तर हे प्रमाण त्याहून पुष्कळ जास्त होतं. जिथे अर्धी मुलं बसतच नाहीत तिथला टक्का शाळेबद्दल काय सांगणार?

आता मुख्य मुद्दा, आणि माझं सगळं म्हणणं खरं तर यातच आहे. प्रोफिशियंटचा टक्का हा शाळा कशी शिकवते यापेक्षा शाळेत कोणाची मुलं येतात हे जास्त सांगतो. स्टॅनफर्डच्या शॉन रिअर्डन यांनी देशभरच्या तिसरी ते आठवीच्या स्कोअरवर खूप मोठं काम केलंय, त्यात हेच दिसलं की सरासरी स्कोअर घरच्या आर्थिक परिस्थितीशी घट्ट बांधलेला आहे, पण मुलं वर्षागणिक किती पुढे सरकतात, म्हणजे ग्रोथ, तिचा त्या परिस्थितीशी संबंध बराच सैल आहे. गरीब वस्तीतल्या काही डिस्ट्रिक्टमधे मुलं वर्षाला वर्षापेक्षा जास्त शिकतायत आणि काही श्रीमंत ठिकाणी तेवढं नाही.

जरा विचार करा ना, तिसरीच्या टेस्टला बसणारं मूल चांगल्या प्रीस्कूलमधून आलंय, घरी आई रोज पुस्तक वाचून दाखवते, शनिवारी क्यूमॉन, रविवारी अजून एक मॅथचा क्लास. ते मूल रेघ ओलांडणारच. त्याचं श्रेय शाळेच्या टक्क्यात जमा होतं आणि आपण म्हणतो काय शाळा आहे! आपल्या लोकांनी भरलेल्या शाळांमधे तर हे फारच होतं. अशा शाळा वाईट असतात असं मी अजिबात म्हणत नाहीये, फक्त तो ९ किंवा १० चा आकडा बाहेरच्या क्लासमुळे किती आणि वर्गातल्या टीचरमुळे किती हे त्या आकड्यावरून सांगता येत नाही. अजून एक, एखाद्या शाळेत डिस्ट्रिक्टचा गिफ्टेड प्रोग्राम असतो, आजूबाजूच्या सगळ्या शाळांमधली निवडलेली मुलं तिथे येतात आणि स्कोअर आपोआप वर जातो. तुमचं मूल त्या प्रोग्राममधे नसेल तर तो आकडा तुमच्या वर्गाचा नाहीच.

मग शाळेचं स्वतःचं काम कसं बघायचं? स्टेट ग्रोथचा आकडा देत असेल तर सरळ तोच शोधा. न्यू जर्सी, मॅसॅच्युसेट्स, कोलोरॅडो हे 'स्टुडंट ग्रोथ पर्सेंटाइल' देतात. म्हणजे गेल्या वर्षी ज्यांचा स्कोअर तुमच्या मुलीएवढाच होता अशा स्टेटभरातल्या मुलांच्या तुलनेत ती या वर्षी कुठे पोचली. ६५ आला तर त्या सारख्या मुलांमधल्या ६५% पेक्षा ती जास्त पुढे गेली. शाळेसाठी यातला मधला किंवा सरासरी आकडा देतात, ५० च्या आसपास म्हणजे नेहमीसारखी प्रगती, आणि सलग दोन-तीन वर्षं ६० च्या वर असेल तर त्या शाळेत काहीतरी चांगलं चाललंय हे नक्की. प्रोफिशियंट ५५% आणि ग्रोथ ६५ अशी शाळा मला प्रोफिशियंट ८५% आणि ग्रोथ ३८ वाल्या शाळेपेक्षा कधीही आवडेल. एकच अडचण आहे, ग्रोथ मोजायला आधीच्या वर्षाचा स्कोअर लागतो, आणि तो तिसरीपासूनच सुरू होतो, म्हणजे पाचवीपर्यंतच्या शाळेत हा आकडा फक्त चौथी-पाचवीच्या कामावरून येतो. वाचायला शिकवणारी पहिली-दुसरीची वर्षं त्यात दिसत नाहीत.

ग्रोथ दिलेली नसेल तर घरी कागदावर करा, दहा मिनिटांचं काम आहे. तक्ता सरळ वाचायचा नाही, तिरपा वाचायचा. म्हणजे तिसरीचा २०२२ चा आकडा, मग चौथीचा २०२३ चा आणि पाचवीचा २०२४ चा. साधारण तीच मुलं तुम्ही पुढे जाताना बघता. समजा मॅथमधे तिसरीला ५०, चौथीला ५३ आणि पाचवीला ५४ आले. नुसतं बघून वाटेल फारसं काही झालं नाही. पण आता पूर्ण स्टेटचे आकडे असेच तिरपे वाचा, कारण इयत्ता वाढली की मॅथची रेघ बरीचदा जड होते, कॅलिफोर्नियात पाचवीचा मॅथचा टक्का तिसरीपेक्षा खालीच असतो. स्टेट खाली जात असताना ही शाळा टिकून थोडी वरच गेली असेल तर तिने चांगलं काम केलंय. फक्त दरवर्षी मुलांची संख्या साधारण तेवढीच आहे ना ते तपासा, ६० ची ४२ झाली असतील तर ती मुलं वेगळी आहेत.

शक्य असेल तिथे टक्क्याबरोबर सरासरी स्केल स्कोअरही (वर सांगितलेला ७५० किंवा २४३६ सारखा टेस्टचा आकडा) बघा. कॅलिफोर्नियाच्या डॅशबोर्डवर 'डिस्टन्स फ्रॉम स्टँडर्ड' असतं, शाळा सरासरीने रेघेच्या किती पॉइंट वर किंवा खाली आहे ते. हे टक्क्यापेक्षा प्रामाणिक आहे, कारण नुसत्या टक्क्याच्या मागे लागलं की शाळेला रेघेच्या जवळच्या मुलांवरच जोर द्यायचा मोह होतो, आणि खूप मागे असलेली आणि खूप पुढे असलेली, दोन्ही मुलं बाजूला राहतात. सरासरीत प्रत्येक मुलाची हालचाल मोजली जाते.

मग सबग्रुप. रिपोर्टमधे आकडे वंशानुसार, घरच्या उत्पन्नानुसार, इंग्लिश शिकणारी मुलं, स्पेशल एज्युकेशनची मुलं असे वेगळे दिलेले असतात. तुमच्या मुलासारखी मुलं त्या शाळेत कशी आहेत ते तिथे शोधा. नुकतेच भारतातून आलात आणि मूल घरी फक्त मराठी बोलतं, तर इंग्लिश लर्नरची ओळ तुमच्यासाठी वरच्या मोठ्या आकड्यापेक्षा महत्त्वाची. मुलाचा आयईपी (स्पेशल एज्युकेशनसाठी शाळेने मुलापुरता केलेला प्लॅन) असेल तर स्पेशल एज्युकेशनची. तिथे आकड्याच्या जागी चांदणी किंवा डॅश दिसला तर घाबरू नका, मुलं फार कमी असली की त्यांची ओळख कळू नये म्हणून आकडा लपवतात. आणि तिथेच क्रॉनिक ॲब्सेंटिझमचा आकडा असतो, वर्षाचे १०% किंवा जास्त दिवस गैरहजर असलेली मुलं, म्हणजे १८० दिवसांच्या शाळेत १८ दिवस. हा आकडा मी आता नेहमी बघते, मुलं शाळेत येतायत का हे कुठल्याही टेस्टपेक्षा आधी कळायला हवं.

स्वतःच्या मुलाचा रिपोर्ट येतो तेव्हा दोन गोष्टी. एक, पर्सेंटाइल म्हणजे पर्सेंट नव्हे, ७० पर्सेंटाइल म्हणजे ७० मार्क नाहीत, १०० मुलांमधल्या ७० जणांच्या पुढे. शाळा वर्षातून दोन-तीनदा मॅप नावाची टेस्ट घेत असेल तर त्यातले पर्सेंटाइल देशभरच्या मुलांशी तुलना करतात आणि स्टेट टेस्ट रेघेशी, त्यामुळे एकात छान आणि दुसऱ्यात रेघेच्या थोडं खाली असं होऊ शकतं, त्यात कोणी खोटं बोलत नसतं. दुसरं म्हणजे स्कोअरच्या दोन्ही बाजूंना एक छोटी पट्टी असते, तीच टेस्ट उद्या दिली असती तर स्कोअर साधारण त्या पट्टीत कुठेही आला असता. मुलीला न्यू जर्सीत ७४७ आले म्हणून ती मॅथमधे कच्ची ठरत नाही, ७५० त्या पट्टीतच आहे. कृपा करून तीन पॉइंटसाठी तिला रागावू नका.

आणि शाळा बघायला जाल तेव्हा प्रिन्सिपलना स्कोअर किती असं विचारू नका, तो तुमच्याकडे आहेच. विचारा की तिसरीत रीडिंगमधे मागे असलेल्या मुलांना तुम्ही कसं ओळखता आणि मग नक्की काय करता, कोण शिकवतं, आठवड्यातून किती वेळा. आणि ज्या मुलाला हे सगळं आधीच येतं त्याला चौथीत काय देता. एका शाळेत मला यावर गुळगुळीत उत्तर मिळालं, आणि दुसऱ्या शाळेत, जिचं रेटिंग ६ होतं, तिथल्या बाईंनी उठून भिंतीवरचा तक्ता दाखवला, कुठला गट, कुठली टीचर, कुठल्या दिवशी, आणि सप्टेंबरपासून कोण किती पुढे गेलं, नावांच्या जागी नंबर लिहून. आम्ही त्या शाळेच्या हद्दीत घर घेतलं.