रक्ताच्या जेनेटिक आजारांवर रिसर्च करायचाय? मग आधी ट्यूबचं झाकण बघायला शिका

एमएस्सी झालेली बरीच मुलं विचारतात, रक्ताच्या आणि इम्युनिटीच्या जेनेटिक आजारांवर काम करायचंय तर सिक्वेन्सिंगचा (डीएनए अक्षर-अक्षर वाचायचा) कुठला कोर्स करू, पायथॉन शिकू का? शिका की, पण मीही हेच डोक्यात घेऊन आले होते आणि पहिल्याच वर्षी चांगलाच धडा मिळाला.

नेट-जेआरएफ, म्हणजे पीएचडीसाठीची फेलोशिप, काढून मुंबईतल्या एका लॅबमध्ये लागले (आता जेआरएफचे महिना ३७ हजार आणि वर एचआरए, म्हणजे घरभाडं, मिळतो). आमच्याकडे सीजीडीच्या केसेस येतात, म्हणजे क्रॉनिक ग्रॅन्युलोमॅटस डिसीज. या मुलांच्या न्यूट्रोफिल नावाच्या पांढऱ्या पेशी जंतू गिळतात पण मारू शकत नाहीत. मग लिव्हरमध्ये पू, फंगल न्यूमोनिया, आणि जन्मल्यावर डाव्या दंडावर बीसीजी देतात ना, त्याच बाजूच्या काखेत गाठ येऊन फुटते, ती गाठ कधीच हलक्यात घेऊ नका.

याची टेस्ट म्हणजे डीएचआर, त्याच नावाचा रंग पेशींत घालून करतात. पेशींना चेतवायचं, पेशी ठणठणीत असेल तर ती हिरवी चमकते आणि फ्लो सायटोमीटरवर (एकेक पेशीची चमक मोजणारं मशीन) ग्राफमधला तिचा डोंगर उजवीकडे सरकतो, सीजीडीत डावीकडेच राहतो. यासाठी रक्त हेपरिनच्या (रक्त गोठू न देणारं औषध) हिरव्या झाकणाच्या ट्यूबमध्ये, रूम टेम्परेचरला आणि लवकरात लवकर लागतं. डीएनएसाठी जांभळं झाकण, ते फ्रिजमध्ये चालतं.

एका संध्याकाळी दोन वर्षांच्या मुलाचं सॅम्पल आलं आणि मी सवयीने हिरवी ट्यूबही फ्रिजमध्ये टाकली. सकाळी डोंगर डावीकडे, मी रिपोर्ट लिहायलाच बसले होते, तेवढ्यात आमच्या गाइड मॅडम म्हणाल्या, "कंट्रोल दाखव." कंट्रोल म्हणजे तुलनेसाठी आमच्यातल्याच एका निरोगी मुलीचं रक्त, त्याच रात्री त्याच फ्रिजमध्ये ठेवलेलं, तेही जवळजवळ डावीकडेच. त्या बाळाला परत टोचावं लागलं. त्याची आई रात्रभर गाडीने आली होती, काही बोलली नाही, नुसता त्याचा हात धरून बसली. ते मला आजही आठवतं, आणि तेव्हापासून कंट्रोल बघितल्याशिवाय मी पेशंटचा ग्राफ उघडतच नाही.

दुसऱ्या वेळी मुलाचा डोंगर खरंच डावीकडे निघाला आणि आईच्या ग्राफमध्ये दोन डोंगर, एक डावीकडे एक उजवीकडे! बाईच्या प्रत्येक पेशीत दोनपैकी एक एक्स क्रोमोसोम बंद असतो, त्यामुळे काही पेशी चांगल्या, काही बिघडलेल्या. सिक्वेन्सिंगच्या आधीच कळलं की बघायचंय ते एक्सवरच्या सीवायबीबी जीनमध्ये. मॅडमनी तिला एकटीलाच आत बोलावलं. "माझ्यामुळे झालं का?" "नाही ताई, तुम्ही काही खाल्लं, काही केलं म्हणून झालेलं नाही हे." असा रिपोर्ट आधी बाईला एकटीला सांगायचा, सासरच्यांसमोर नाही, हे कुठल्याच सिलॅबसमध्ये नाही म्हणून इथे लिहितेय.

आता सिक्वेन्सिंगचं. मामाच्या मुलीशी लग्न झालेल्या घरांत रिसेसिव्ह प्रकारही (आई-बाबा दोघांकडून बिघडलेला जीन आला तरच होणारा) दिसतो, त्यातला एनसीएफ१ जीन फार त्रास देतो कारण त्याच्याशेजारीच त्याच्यासारखेच दिसणारे दोन सूडोजीन, म्हणजे निकामी नकला, बसलेत आणि नेहमीचं एनजीएस (डीएनएचे छोटे तुकडे करून वाचणारं सिक्वेन्सिंग) त्यात गोंधळतं. रिपोर्ट येतो 'व्हेरियंट (जीनमधला बदल) सापडला नाही', आणि फ्लो सायटोमीटरवर बघावं तर या जीनपासून बनणारं पी४७ प्रोटीनच नाही. व्हीयूएस म्हणजे अर्थ न लागलेला व्हेरियंट आला की तेच, परदेशी डेटाबेसमध्ये आपल्या जातीजमाती कमी, त्यामुळे तिथे दुर्मिळ दिसलं म्हणून लगेच आजाराचं कारण धरू नका, पेशी काय करतेय ते बघा. १९५२ मध्ये मुंबईच्या केईएममध्ये डॉ. भेंडे यांनी बॉम्बे ब्लड ग्रुप शोधला तोही जीन माहीत नसताना, ट्यूबमध्ये रक्तपेशी एकमेकींना चिकटून गुठळ्या होतात की नाही एवढ्यावरच.

तर रुजू झाल्यावर पहिले सहा महिने पिपेट, फ्लो सायटोमीटर, सँगर (एकेक जीन वाचायची जुनी सिक्वेन्सिंग पद्धत) आणि फॅमिली ट्री काढणं, एवढंच नीट करा. २०१५ ची एसीएमजी गाइडलाइन, म्हणजे व्हेरियंट आजाराचा की निरुपद्रवी हे ठरवायचे अमेरिकन नियम, रोज थोडी वाचा. ओपीडीत बसायला मिळालं तर सोडू नका.

त्या मुलाच्या मोठ्या बहिणीचा डीएचआर नॉर्मल आला, एचएलए (ट्रान्सप्लांटसाठी जुळावा लागतो तो टिश्यू टाइप) पण जुळला, आणि तिची बोनमॅरो त्याला दिली. ट्रान्सप्लांटनंतरची टेस्ट मीच लावली, हिरवं झाकण, शेजारी कंट्रोल. त्याचा डोंगर उजवीकडे होता.