तारप्याच्या सुराला सिंथ जुळवताना

आमच्या जव्हारकडच्या पाड्यांवर भात पिवळं पडायला लागलं की तारपा निघतो. वाळवलेला दुधी भोपळा, बांबूच्या दोन नळ्या, मेण आणि ताडाच्या पानांचा लांब कर्णा. वाजवणारा गाल फुगवून फुंकत राहतो, नाकानं श्वास घेतो, म्हणून सूर तुटतच नाही. पुण्यात साउंड रेकॉर्डिंग शिकून आल्यावर याच सुरावर वारली भाषेतलं गाणं बांधायचं मी ठरवलं. तुम्ही आपल्या बोलीत असं काही करू बघत असाल, तर माझी पहिली चूक आधी ऐका.

काकांचा तारपा रेकॉर्ड केला आणि तो ओढूनताणून की-बोर्डच्या सुरात बसवला. ४४० हर्ट्झला सगळं चोख. काकांना हेडफोन लावले. त्यांनी थोडं ऐकलं, हेडफोन काढून मांडीवर ठेवले आणि विचारलं, "कोनाचा तारपा हा?"

त्या रात्री सगळं पुसलं. आता मी आधी तारप्याचा सूर मोजतो आणि सिंथ, म्हणजे इलेक्ट्रॉनिक सूर काढणारा सिंथेसायझर, खाली-वर करून त्याला जुळवतो. दोन तारपे एका सुरात नसतात, त्यामुळे प्रत्येक गाणं एका वाद्याभोवतीच उभं राहतं. एकसारखा ठोका देणारा मेट्रोनोम तर लावूच नका. नाचात तारपा वाजवणारा पुढे असतो. त्यानं चाल बदलली की रिंगणाची पावलं बदलतात. अख्खा तुकडा घ्या, बीट नंतर चढवा. टेम्पो हातानं आखायला मला दोन-दोन दिवस लागतात.

शहरात राहून माझ्या वारलीत मराठी वळण शिरलंय. म्हणून ओळी आजीला वाचून दाखवतो. पटलं नाही तर ती चूक सांगत बसत नाही, तीच ओळ स्वतः म्हणून दाखवते. तिचा जोर जिथे पडतो, तिथेच माझा बास येतो.

लग्नात धवलेरी, म्हणजे आमच्यात लग्न लावणारी बाई, गाते ती गाणी मी घेत नाही. त्यांच्यावर लग्न लागतं. त्यांची जागा मांडवातच.

पैशाचं आधी बोला. पारंपरिक चाल कुणा एकाची नसते, पण वाजवणाऱ्याचा हक्क कॉपीराइट कायदा, १९५७ च्या कलम ३८ मध्ये आहे. कागद मराठीत करा, वाचून दाखवा, आणि त्याचं नाव तुमच्या नावाच्या वर टाका.

काकांनी सध्या नवा भोपळा वाळत घातलाय. त्याचा सूर कुठे लागतो हे कळेपर्यंत माझं पुढचं गाणं थांबलंय.