प्रवासातल्या वापरकर्त्याला जवळचा सर्व्हर देताना या चुका टाळा

मुंबई आणि लंडन अशा दोन्हीकडे सर्व्हर आहेत, डीएनएसमध्ये (नावावरून सर्व्हरचा पत्ता सांगणाऱ्या यंत्रणेत) दोघांच्या नोंदी स्थानानुसार नीट केलेल्या आहेत, तरीही अंधेरीहून लंडनला गेलेल्या सहकाऱ्याला मुंबईचाच पत्ता मिळतो. अशा वेळी नोंदी पुन्हापुन्हा तपासण्यात दिवस घालवणे ही पहिली चूक होय. डीएनएसला वापरकर्ता दिसत नाही. त्याच्या वतीने विचारणारा रिझॉल्व्हर दिसतो, आणि एरवी ठिकाण ठरते ते या रिझॉल्व्हरच्याच आयपीवरून, म्हणजे नेटवरच्या अंकी पत्त्यावरून.

आमच्याकडे दोष सापडला तो व्हीपीएनमध्ये, म्हणजे बाहेरून कार्यालयाच्या जाळ्याशी जोडणाऱ्या सुरक्षित मार्गात. व्हीपीएन जोडताच लॅपटॉपचे सगळे डीएनएस प्रश्न अंधेरीच्या कार्यालयातल्या रिझॉल्व्हरकडे जात होते, बाकीचा डेटा मात्र हॉटेलच्या वाय-फायवरून थेट बाहेर पडत होता. उत्तर अर्थातच मुंबईचे येई. मुंबई ते लंडन हे अंतर सुमारे ७,२०० किलोमीटर आहे. फायबरमधून प्रकाश सरळ रेषेत गेला तरी जाऊन येण्यास ७० मिलिसेकंदांहून अधिक लागतात, आणि सुरक्षित जोडणी उभी राहण्यापूर्वीच अशा दोन-तीन फेऱ्या होतात. कार्यालयाच्या अंतर्गत नावांपुरतेच प्रश्न अंधेरीला पाठवावेत, बाकीचे स्थानिक रिझॉल्व्हरला विचारू द्यावेत, एवढा बदल पुरला.

मात्र सगळाच डेटा व्हीपीएनने मुंबईतून जात असेल, तर मुंबईचा सर्व्हर हेच योग्य उत्तर आहे. भारतीय सिमवर रोमिंग करणाऱ्याचेही बहुधा तसेच असते, कारण त्याचा डेटा आधी आपल्या कंपनीच्या भारतातील जाळ्यात परततो. तिथे दुरुस्ती करू नये.

वापरकर्त्याच्या आयपीचा काही भाग प्रश्नासोबत पाठवण्याची सोय २०१६ च्या आरएफसी ७८७१ या इंटरनेटविषयक तांत्रिक दस्तऐवजात नोंदवलेली आहे, पण तिच्यावर विसंबून राहू नये. गूगलचा सार्वजनिक रिझॉल्व्हर ८.८.८.८ ती वापरतो, क्लाउडफ्लेअरचा १.१.१.१ गोपनीयतेसाठी वापरत नाही.

टीटीएल (मिळालेला पत्ता साठवून ठेवण्याची मुदत) ८६,४०० सेकंद, म्हणजे एक दिवस ठेवला, तर मुंबईत मिटलेला लॅपटॉप लंडनला उघडल्यावरही जुनाच पत्ता धरून बसू शकतो. ६० ते ३०० सेकंद पुरेसे आहेत. यादीत नसलेल्या देशांसाठी डिफॉल्ट नोंदही हवीच. ॲमेझॉनच्या रूट ५३ या डीएनएस सेवेत ती नसेल, तर तिथल्या वापरकर्त्याला पत्ताच मिळत नाही.

चाचणी मुंबईत बसून करू नये. प्रवासातल्या व्यक्तीकडून, व्हीपीएन जोडून एकदा आणि तोडून एकदा, एनएसलुकअप (nslookup) या आज्ञेचे पूर्ण उत्तर मागवावे: वरच्या ओळींत कोणाला विचारले ते दिसते, खाली कोणता पत्ता मिळाला ते.