मोबाइलसाठी वेगळा जीपीएस रिसीव्हर घेताना
आयफोन असेल तर आधी खोक्यावर ‘मेड फॉर आयफोन’ लिहिलंय का ते बघा. साधा ब्लूटूथ रिसीव्हर जोडला, तरी नकाशाच्या अ‍ॅपला त्याचं लोकेशन मिळत नाही. अँड्रॉइडवर तो चालतो, फक्त रिसीव्हरचं लोकेशन फोनला देणारं अ‍ॅप टाकून ते सेटिंग्जमधल्या डेव्हलपर ऑप्शन्समध्ये ‘मॉक लोकेशन अ‍ॅप’ म्हणून निवडावं लागतं. दुकानदार हे सहसा सांगत नाहीत.

सह्याद्रीच्या घळीत, कड्याखाली सिग्नल खडकावर आपटून येतो आणि नकाशावरचा ठिपका भलतीकडे सरकतो. अशा भटकंतीसाठी जीपीएस उपग्रहांच्या एल१ आणि एल५ या दोन्ही फ्रिक्वेन्सी पकडणाराच रिसीव्हर घ्या, थोडा महाग पडला तरी. बॅटरी दिवसभर पुरायला हवी. गार्मिन ग्लो २ या ब्लूटूथ रिसीव्हरला कंपनी सुमारे १३ तास सांगते. शेताची हद्द सेंटिमीटरपर्यंत हवी असेल तर मात्र आरटीके (जमिनीवरच्या स्थिर केंद्राकडून दुरुस्ती घेणारा) रिसीव्हरच लागेल.